घंटेचा मेंढा मोजत नाहीत

प्लोव्हदिव,
२ सप्टेंबर २०२४

चि. सेवदा,

आशीर्वाद. वार्नात आता समुद्राचा वारा सुटला असेल, जाड स्वेटर वर काढून ठेव. तुझ्या दवाखान्यातली कुत्री-मांजरं बरी असतील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल, सोबतच्या कागदावर सही मात्र हवी.

कामाचं सांगते. तुझ्या बाबांचा लेख मी पुन्हा उभा केला आहे. तोच, एकतीस कळपांचा. अकरा वर्षं स्टामेन डोंगरात फिरून लेंड्यांचे नमुने आणत होता आणि तू कॉलेजच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची अंडी मोजत बसायचीस, म्हणून तू दुसरी लेखिका. मी तिसरी. भाषा, संदर्भ आणि टक्केवारी तपासण्याचं काम माझं. त्याने संदर्भ जुन्या पद्धतीने दिले होते, ते सगळे बदलावे लागले. सारांश चारशे शब्दांचा होता, अडीचशेवर आणला. त्याला एक गोष्ट दोनदा सांगायची सवय होती, ते तुला माहीतच आहे.

लेख आजही कामाचा आहे. दीड हजार मीटरच्या वर यकृतातला कृमी पोचत नाही असं समजून तिथल्या मेंढ्यांना अजून कुणी औषध पाजत नाही. स्टामेनने तो तिथे पोचलेला पाहिला होता, आणि २०१३ मध्येच लिहिलं होतं. तेव्हा ते छापलं गेलं नाही. त्यात आता शिरत नाही. गेल्या हिवाळ्यात गावच्या रुसीकाकाच्या तीसेक मेंढ्या त्याच कृमीने गेल्या, एवढं मात्र लिहून ठेवते.

जर्नल तेच आहे. संपादक नवीन आहेत, एक तरुण बाई, बोलायला नीट. मी निवृत्त झाल्यापासून मंडळावर नाही, त्यामुळे आता अडचण नाही. १५ ऑक्टोबरच्या आत लेख दाखल झाला तर वसंतात कळप वर चढायच्या आधी छापून येईल.

फॉर्मवर एक वाक्य आहे: ‘सर्व लेखकांनी अंतिम मसुदा वाचला असून तो त्यांना मान्य आहे.’ स्टामेनच्या नावापुढच्या चौकोनाचं काय करू, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “लेखक हयात नसेल तर नावावर छोटा क्रूस टाका, वारसाची सही चालेल.” म्हणजे तुला दोनदा सही करायची आहे, एकदा तुझी आणि एकदा त्याच्या जागी. क्रूस मी टाकला, पुसला, परत टाकला. आता आहे.

स्टामेन गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू सगळ्यांदेखत विचारलंस, “आत्या, तू त्याच जर्नलवर होतीस ना? बाबांसाठी एक शब्द टाकायला तुझं काय जात होतं?” मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. तू ताट सरकवून उठलीस. माझं उत्तर बरोबर होतं. पण ते त्याच्या नावाने शिजवलेल्या गव्हाच्या वाटीसमोर बसून द्यायचं नव्हतं, एवढं मान्य करते.

सही ठळक कर, निळ्या शाईने.

तुझी आत्या,
डॉ. दोन्का केहायोवा
(‘डॉ.’ हात वळणाने लिहून गेला.)


प्लोव्हदिव,
२० सप्टेंबर २०२४

चि. सेवदा,

अजून सही आली नाही. नकारही आला नाही, म्हणून पुन्हा लिहितेय.

मी वर गावाला जाऊन आले. कुरणांच्या उंचीचे आकडे ताडून पाहायचे होते. बसने स्मोल्यानपर्यंत आणि पुढे पाववाल्याच्या गाडीने. गाडीवाला विचारत होता, “आजी, कुणाकडे?” केहायोवांकडे म्हटल्यावर त्याने रेडिओ बंद केला.

स्टामेनच्या जनावरांच्या दवाखान्याच्या दारावर त्याच्या चाळिसाव्याचा, फोटो छापलेला शोकाचा कागद अजून आहे. उन्हाने फोटो निळसर झालाय आणि खालची बाजू सुटून वाऱ्याने फडफडत होती. दुकानातून गोंद आणला आणि चारी कडा नीट बसवल्या. एवढंच. तुझ्या बाबांना कागद वाकडा लागलेला आवडला नसता. त्याला चालला असता खरं म्हणजे. मला आवडला नसता.

मग रुसीकाकाच्या गोठ्यावर गेले. मला बघून म्हणाला, “या डॉक्टरीणबाई! प्लोव्हदिवातल्या मेंढ्या कागदावरच चरतात म्हणे?”

“कागदावरच्या आजारी तरी पडत नाहीत,” मी म्हटलं. “तुझ्याकडे किती आहेत आता?”

“एकशे बारा.”

मी लिहून घेतलं. कळपापुढे घंटेचा मेंढा उभा होता, तांब्याची मोठी घंटा, मान ताठ. मी त्याच्याकडे बोट करून विचारलं, “हा धरून?”

रुसीकाकाने काठी जमिनीत रोवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली. “तू केहायोवांच्या घरची ना गं? मग विचारतेस कशाला?”

तुला हे बाबांनी सांगितलं असेल. आमच्याकडे घंटेचा मेंढा मोजत नाहीत. तो कळपाचा पुढारी. कळपाच्या आकड्यात त्याला धरला की लांडगा पहिला त्याला नेतो आणि मागचा कळप दरीत उतरतो, अशी समजूत आहे. शंभर मेंढ्या म्हणजे शंभर आणि तो. हा ‘आणि तो’ कुणी मोठ्याने म्हणत नाही.

लेख अडला होता तो इथेच. तक्ता क्रमांक दोनमध्ये एका रकान्यात कळपातली जनावरं, धनगरांनी सांगितली तशी. शेजारच्या रकान्यात पाजलेल्या औषधाचे डोस. प्रत्येक कळपात डोस एकाने जास्त. एकतीसच्या एकतीस कळपांत. कारण घंटेच्या मेंढ्याला औषध पाजायचं, पण मोजायचं नाही. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं की उपचार केलेली जनावरं कळपातल्या जनावरांपेक्षा जास्त कशी, आणि ज्या लेखकाला कळप मोजता येत नाही त्याच्या टक्केवारीवर विश्वास का ठेवावा. परीक्षणात असं लिहितात. तक्ता सदोष होताच. खाली एक तळटीप असती तर प्रश्न आला नसता.

स्टामेनने खुलासा पाठवला होता. परीक्षकाने तो अशास्त्रीय ठरवला आणि लेख परत गेला. पुढे त्याने काही लिहिलं नाही. तूही संशोधन सोडलंस. मला तेव्हा वाटलं, तुला कुत्री-मांजरंच आवडत असतील.

आमच्या घरी एकदा घंटेचा मेंढा मोजला गेला होता. काराकाश त्याचं नाव, कपाळ काळं आणि बाकी पांढरा. मी सात वर्षांची, स्टामेन चारचा. मोजण्याचा आवाज आमच्या बाबांच्या कानावर गेला. ते कुंपण ओलांडून आले, “कोण मोजतंय?” मार स्टामेनने खाल्ला. लहान होता, लगेच विसरला असेल.

सही पाठव. दिवस कमी राहिलेत.

आत्या


प्लोव्हदिव,
९ ऑक्टोबर २०२४

सेवदा, बाळा,

तुझं पाकीट परवा मिळालं. दोन्ही सह्या मिळाल्या, निळ्या शाईत, ठळक. तुझी चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली: “बाबांच्या दारावरचा कागद तू उभं राहून चिकटवलास, असं रुसीकाकांनी फोनवर सांगितलं. त्यासाठी सही करतेय. त्यांची फाईल सोबत आहे. हिरवी फीत मला सोडवत नाही, तू सोड.”

मला सगळं मिळालं होतं. काल सकाळी लेख दाखल करून मी मोकळी झाले असते. संगणक उघडलाही होता.

फीत सोडली. आत सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. तुझे अंड्यांचे तक्ते, कुरणांचे नकाशे, एका नकाशावर कॉफीचा डाग. मग परीक्षकांचे अहवाल. आणि त्यामागे त्याच्या खुलाशाचा पेन्सिलीने लिहिलेला कच्चा मसुदा.

मी आता सरळ लिहिते. सरळच लिहायची माझी ख्याती आहे.

दुसरी परीक्षक मी होते.

लेखकाचं नाव झाकून लेख येतो. पण पहिला परिच्छेद वाचूनच मी ओळखला. एक गोष्ट दोनदा सांगितली होती. तेव्हाच तो परत करायला हवा होता, हा माझ्या भावाचा आहे, मी तपासणार नाही, असं एक ओळ लिहून. नियम तोच होता, सेवदा. तुझ्यासमोर ज्या नियमाची शेखी मिरवली तोच. मी लेख ठेवून घेतला. मला वाटलं, मी भावाला झुकतं माप देत नाही हे मला तरी कळेल. आणि तक्ता दोन पाहताच मला कळलं होतं की तो एक जादा डोस कुणाचा आहे. तरी मी ते वाक्य लिहिलं. मंडळावर मी एकटी डोंगरातली. माझ्या बोलण्यातला डोंगर काढायला मला दहा वर्षं लागली होती, आणि तो छापील तक्त्यात बसून माझ्याकडे बघत होता.

खुलासा माझ्याकडेच आला. त्यात होतं: “मान्यवर परीक्षक आमच्या डोंगरातले नसावेत, त्यामुळे ही गोष्ट त्यांना ठाऊक नसणं साहजिक आहे. दोष माझा आहे.” मी त्यावर ‘अशास्त्रीय’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला.

“दोन्के, लेख परत आला गं. म्हणतात मला मोजता येत नाही.”

“कोण म्हणतं?”

“असेल कुणी सोफिया शहरातला ताठ मानेचा. मेंढी फक्त ताटात पाहिलेला.”

मी हसले. मी खरंच हसले, सेवदा. तो म्हणाला, “तू असतीस तर काय केलं असतंस?”

“मीही परतच पाठवला असता.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. मग बटाटे काढायला आलेत, शनिवारी येतेस का, असं विचारलं. मी परीक्षांचं कारण सांगितलं.

आता तो पेन्सिलीचा मसुदा. सोबत पाठवतेय, तू स्वतः बघ. पहिली ओळ आहे: “दोन्के, तुला तर माहीत आहे.” त्यावर एक आडवी रेघ, घाईची नव्हे, पट्टीने मारलेली. तिच्याखाली ‘मान्यवर परीक्षक आमच्या डोंगरातले नसावेत’ सुरू होतं.

शाळेत त्याचे निबंध मीच तपासायची. माझं लाल शाईतलं बोलणं त्याला ओळखू येणारच होतं. मला हे अकरा वर्षांत एकदाही सुचलं नाही. तो मला वाट करून देत होता, खुलाशातही आणि फोनवरही. त्यानंतर अकरा वर्षं दर नाताळाला त्याने मला डोंगरी चहाची जुडी पाठवली. गेल्या वर्षीची अजून स्वयंपाकघरात टांगलेली आहे.

तुझ्या दोन्ही सह्या परत पाठवतेय. हे माहीत नसताना तू त्या केल्यास, मला त्या वापरता येत नाहीत. सोबत नवा फॉर्म आहे. त्यात लेखक दोनच, स्टामेन आणि तू. पत्रव्यवहाराचा पत्ता तुझा. संपादक बाईंना मी सगळं लिहून कळवलं आहे, ती प्रतही जोडली आहे. माझं त्यांनी काय करायचं ते करावं. लेखाला त्याचा त्रास होऊ नये, अशी विनंती केली आहे. उत्तर आलेलं नाही. तक्ता दोनखाली तळटीप घातली आहे: ‘स्थानिक प्रथेनुसार घंटेचा मेंढा कळपाच्या संख्येत धरलेला नाही. औषध त्यालाही दिलेले आहे.’ दोन वाक्यं. लिहायला मला दोन मिनिटं लागली.

पंधरा तारखेला सहा दिवस आहेत. नाव मागे घेऊन लेख फाडून टाकावासा वाटला तर तोही तुझा हक्क आहे. पण रुसीकाकाच्या उरलेल्या एकशे बारा मेंढ्या वसंतात वर चढतील, त्याआधी कुणीतरी हे छापलेलं वाचायला हवं. माझ्यावरचा राग लेखावर काढू नकोस. मी जे केलं ते तेच होतं, दुसऱ्या कशाचा तरी राग लेखावर काढला.

२१ तारखेला त्याची सहामाही, जाऊन सहा महिने होतील. दारावरचा नवा कागद तू लिही. खाली ‘दुःखी बहीण’ घालायचं की नाही, ते तू ठरव. मी गव्हाचं पातेलं घेऊन येणार नाही, तू बोलावल्याशिवाय.

एक राहिलं. मागच्या पत्रात मी काराकाशचं सांगितलं, ते अर्धं सांगितलं. बाबा कुंपण ओलांडून आले आणि ओरडले, “कोण मोजतंय?” स्टामेन माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मी मोजला.” त्याला तेव्हा तीनच्या पुढचे आकडे येत नव्हते. बाबांना ते माहीत होतं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही, आणि त्यांनी त्याला मारलं.

बाबा गेले. तोही गेला. सांगायला आता तूच आहेस.

काराकाशला मोजणारी मी होते.

दोन्का