मांडवाबाहेर राहिलेल्या आयेस

आये,

परवा दादाच्या प्राचीची हळद झाली, काल लग्न लागलं आणि आज दुपारी त्याच्या घरात सगळे मेल्यासारखे झोपलेत. अंगणात मांडववाला बांबू सोडतोय. मी मागच्या पडवीत, गोडाऊनच्या भिंतीकडे तोंड करून बसलेय आणि प्राचीच्या जुन्या वहीचं पान फाडून तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे मला. पण जे तुला पोचलं असतं ते मी शिकले नाही. मग दुसरं काय करू?

परवा तू मांडवात आली नाहीस. दादा म्हणतो, "आय असेल गं इथंच कुठंतरी." त्याला काय, तो प्रत्येक गोष्टीला असंच म्हणतो. तू नव्हतीस. आणि नव्हतीस ती माझ्यामुळे.

प्राचीचा मेकअप करायला भिवंडीतून एक मुलगी आली होती. भिंतीवरचा तुझा फोटो बघून तिने विचारलं, "ह्या कोण?" मी म्हटलं, "नवरीची आजी. धवलारीण होती." तिला कळेना. मग सांगितलं, आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी हिचा मान. ही धवले म्हणजे लग्नातली गाणी गाते, गाऊनच हळदीपासून सगळे विधी करते, देवांना मांडवात बोलावते आणि घरातल्या गेलेल्या माणसांनाही नावानं बोलावते. ती पोरगी म्हणाली, "वॉव! आता कोण गातं?"

आता कोण गातं, आये?

शाळेत मला पोरी चिडवायच्या, "धवलारणीची पोर आली, गाणं म्हण." मी घरी येऊन तुझ्यावर राग काढायचे. बाबा गेल्यावर तू हे काम धरलंस. गावातल्या बाकीच्या विधवा हळदीच्या वेळी मागच्या दारी उभ्या असायच्या आणि तू मात्र मांडवाच्या मेढीपाशी, पाटावर, सगळ्यांच्या मध्ये! नवरीची आईसुद्धा तुला विचारून पाऊल टाकायची. केवढी गोष्ट होती ती! मला मात्र फक्त तुझा चिरका आवाज ऐकू यायचा आणि लाज वाटायची.

तू किती वेळा म्हणालीस, "वने, बस जरा, बोलावनं तरी शिकून घे." मी म्हणायचे, परीक्षा आहे. नंतर म्हणायचे, ड्युटी आहे. नंतर मोबाईल आला तेव्हा म्हटलं, म्हण, रेकॉर्ड करून ठेवते. तू केवढी भडकलीस! "मांडव न्हाय, हलद न्हाय, नी मी पितरांना हाक मारू? ते आयले नी विचारलां लगीन कोनाचा, तर काय सांगू?" मी हसले. फार हसले.

माझ्या लग्नात तू बोलावणं गायलीस ते मात्र मला आठवतं. सुपात हळदीचे तांदूळ. एक नाव, एक चिमूट, मेढीच्या बुडाशी. आधी देव, मग गावदेवी, मग आपल्या घरातली माणसं, सगळ्यांत जुनं आधी आणि सगळ्यांत शेवटी गेलेलं शेवटी. शेवटच्या चिमटीला तू थांबलीस, डोक्यावरचा पदर नीट केलास आणि म्हणालीस, "महादू." बाबांचं नाव तुझ्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. एरवी तू "वनीचा बापूस" म्हणायचीस. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, फक्त बोलावण्यात घ्यायचं. तुला तेवढीच मुभा होती.

आणि तीच मी हिरावून घेतली.

सुमितच्या हळदीला, सहा वर्षांपूर्वी. दादाचा पहिला मुलगा, पाचशे माणूस, सगळे पिवळ्या कपड्यांत, आणि डीजे. डीजेवाला दादाला दोनदा सांगून गेला होता, "सेठ, दस बजे बंद करना पडेगा, फिर मत बोलना." तू मेढीपाशी बसून गात होतीस आणि कोणी ऐकत नव्हतं. सुमितचे मित्र घड्याळ बघत होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी नवरदेवाची आत्या, माझा शब्द चालतो ना! मी आले, तुझ्या कोपराला धरलं आणि म्हटलं, "आये, आटप गो आता."

तू मूठ मिटलीस. उठलीस. मागे आवाज सुरू झाला तो इतका की चुलीवरची झाकणं हलत होती.

स्वयंपाकघरात तू माझ्यासमोर मूठ उघडलीस. आत चिमूटभर पिवळे तांदूळ. "यो तुजा बापूस," म्हणालीस. "भायेर रायला."

मी काय म्हणाले आठवतं? "अगं मग टाक ना आता जाऊन, चिमूटभर तांदूळच तर आहेत!"

तू माझ्याकडे बघितलंस तसं कोणी बघू नये. रात्री जेवली नाहीस. ते तांदूळ कुंकवाच्या डबीत घालून देवांच्या मागे ठेवलेस, आणि त्यानंतर कुठल्याच मांडवात गेली नाहीस. कोणी बोलवायला आलं तर म्हणायचीस, "डीजेला सांगा, तो बोलवील." लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे, आये! मला वाटायचं, म्हातारीचा राग आहे, जाईल. तू बाबांचं नाव परत घेतलं नाहीस. घेणार कुठे होतीस?

तुला अर्धांगाचा झटका आला तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. तोंड वाकडं, जीभ जड. मी शिफ्ट सोडून दवाखान्यात तुझ्या उशाशी मोबाईल घेऊन बसायचे. "आये, म्हण ना. जेवढं येईल तेवढं म्हण." आटप म्हणणारी मी, आता म्हण म्हणत होते. तुझ्या घशातून नुसती हवा यायची. पण उजव्या हाताची बोटं चादरीवर चालू असायची, चिमूट घ्यायची आणि ठेवायची, घ्यायची आणि ठेवायची. नर्स म्हणाली, "आजी बेचैन आहेत." बेचैन कसली! तू बोलावत होतीस. मी बोटं बघत बसले आणि एकही नाव मला ओळखता आलं नाही.

तुझ्या तेराव्यानंतर वहिनीने देव्हारा घासला. डबी उघडली आणि म्हणाली, "किडं पडलंत गं याला." चिमण्यांना टाकले. मी तिथेच उभी होते. तिला काय माहीत? मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

राहनाळच्या गोडाऊनमध्ये माझ्याबरोबर सुजाता पॅकिंगला आहे. या वर्षी तिची आई गेली. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, पांढरी फुलं, आणि सगळी खोली एका सुरात वंदना म्हणत होती. त्रिशरण, पंचशील, सगळं. सुजाताचा सहा वर्षांचा भाचा पुस्तकात न बघता म्हणत होता. मला मेल्या घरी हेवा वाटला, आये! त्यांच्यात कोणी एक गेलं तरी म्हणणारे शंभर उरतात. मी तिला आपलं सांगितलं तर म्हणाली, "मग तुम्ही लिहून का नाही ठेवलं?" खरंच, का नाही ठेवलं? एका बाईच्या गळ्यात अख्ख्या गावाचे पितर ठेवून आम्ही निवांत नाचत होतो.

प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा तीच म्हणाली, "आत्या, आजीला कोण बोलावणार?" लहानपणी तू तिला सांगितलं असणार. मग मी तुझ्या माहेरी, शेलारला, धर्मीबाईकडे गेले, तुझ्याबरोबर शिकलेली ती एकच उरली आहे. ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "हलदीचा थोरा येतंय मना. बोलावनं न्हाय. ते आमचे गुरूनी एकलीलाच दिलां, तुजे आयशीला. तुना न्हाय दिलान तिनी?"

"देत होती."

"मंग?"

मीही एक शेंग सोलायला घेतली. ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "नुसती नावां घे. तांदूल ठेव नी नावां घे, येतील तर येतील. पन बाईला दोन्ही नावांनी बोलवाची, म्हायेरचां नी सासरचां. एकाच नावानी बोलवलीस तर ती वाटेवंच थांबते. तिला वाटतां, दुसरीच कोनाला बोलवतात."

आये, तुझं माहेरचं नाव काय?

पन्नास वर्षांची झाले आणि मला माहीत नाही. धर्मीबाईला विचारलं, ती म्हणाली, ती शेलारला सून म्हणून आली तेव्हा तू लग्न होऊन गेली होतीस, तिला तुझं सासरचं हिरा हेच नाव ठाऊक. मामाच्या मुलाकडे गेले. तो डोकं खाजवत म्हणाला, "आम्ही आत्याच बोलायचो." त्याची आई म्हणाली, "आमचे सासरे तिला बाय बोलायचे." दादा म्हणाला, "आयचं नाव आय." रेशनकार्ड, आधार, पासबुक, सगळीकडे हिराबाई. तू शाळेत गेली असतीस तर दाखल्यावर तरी मिळालं असतं! सुमितच्या हळदीचा व्हिडिओ शोधला, की त्यात तू काही म्हणाली असशील. तू अकरा सेकंद आहेस त्यात. पहिल्या सेकंदापासून मागे माणसांचा गलका, शब्द एक कळत नाही, आणि शेवटी स्वच्छ ऐकू येतं ते एकच, माझा आवाज. "आये, आटप गो आता."

परवा मात्र मी डीजेवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, अर्धा तास आवाज बंद. दादाही काही बोलला नाही. प्राची हळदीच्या साडीत माझ्या बाजूला येऊन बसली. मी मेढीपाशी सूप घेऊन बसले. एवढी शांतता मी आपल्या घरच्या हळदीत कधी ऐकली नव्हती. हायवेवरचे कंटेनर ऐकू येत होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

देवांची नावं घेतली, एकवीरा, वज्रेश्वरी, गावदेवी. गाता आलं नाही, नुसती बोलले, शाळेत हजेरी घेतात तशी. मग घरची. राघो पणजा. त्याच्या वरचे कोण, मला माहीत नाही. पणजीचंही नाव माहीत नाही, तिला तशीच सोडली. धाकू आजा. आजीचं एकच नाव येत होतं, ते घेतलं. मग बाबा. "महादू" म्हटलं आणि सहा वर्षांपूर्वी राहून गेलेली चिमूट ठेवली. ते आले असतील का गं? माझ्या हाकेला?

मग शेवटची चिमूट उचलली. "हिराबाई," म्हणाले. आणि पुढचं नाव नाही. प्राची माझ्या तोंडाकडे बघत होती. अर्ध्या तासातली सात मिनिटं झाली असतील. तेवीस मिनिटं माझ्या हातात होती, कोणी घाई करत नव्हतं आणि माझ्याकडे म्हणायला काही नव्हतं. मी तशीच बसून राहिले.

शेवटी डीजेवाला हळूच जवळ आला. बिचारा फार अदबीने म्हणाला, "आंटी, हो गया?"

मी मूठ मिटली. म्हटलं, "हो गया."

तू वाटेवर कुठे थांबलीस, आये? देवळाच्या वळणापर्यंत आली होतीस का? "हिराबाई" ऐकू आलं आणि मग वाट बघत राहिलीस का पुढच्याची? मागे एकदा बाबा असेच बाहेर उभे राहिले, तर परवा ते आत आणि तू बाहेर. तुमची गाठ मी दोन्ही वेळा चुकवली. प्राची काल पाठवणीच्या वेळी माझ्या कानात म्हणाली, "आली असेल ना आजी?" मी हो म्हणाले. आता तुझ्याशीही खोटं बोलू का?

कालच तांदळाच्या ताटात प्राचीचं नवं नाव लिहिलं, अंगठीने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझंही असंच लिहिलं होतं, तुझंही लिहिलं असेल. त्या ताटातच तुझं आधीचं नाव पुसलं गेलं आणि ते परत कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ते पिवळे तांदूळ आत्ता माझ्यापुढे आहेत, या कागदावर. परवापासून पदराच्या गाठीत होते. तुझ्यासारखी डबी करून ठेवीन. किडे पडले तर दुसरे ठेवीन, पण टाकू देणार नाही कोणाला. सुमितच्या पोरांच्या हळदीपर्यंत मी राहिले तर पुन्हा मेढीपाशी बसेन. तुझं नाव तोवर मिळेल असं मला वाटत नाही, सांगणारं कोणी उरलं नाही. तरी बसेन. ते नाव तुलाच सांगावं लागेल. सांग, कसंही सांग, कितीही वेळ लाव. डीजे थांबो नाहीतर वाजो, मी तुला आटप म्हणणार नाही.

तुझी,
माहेरची वनिता, सासरची सुरेखा