तीन सह्या

तीर्थरूप दादास,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

सोमवारी सकाळी मी कारकुनासमोर कोऱ्या कागदावर तीन सह्या केल्या. प्रशिक्षणाविना पंचवीस वर्षं शिकवत असलो, तरी आता सक्तीच्या झालेल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रवेशाला बारावीचं गणित लागतंच, आणि ते स्वतःच दिलं का, हे सही जुळवून पाहतात. त्याने त्या परीक्षेचं जुनं हजेरीपत्रक शेजारी ठेवलं.

"काका, तेव्हा सही फार वळणदार होती हो तुमची!" तो हसला. मीही हसलो.

काळजी करू नकोस. इथल्या वसतिगृहातली खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं. शेजारच्या खाटेवरच्या गुरुजींना मंगळवारी सहीच्या चौकशीला बोलावलं. त्यांची वळकटी अजून इथेच आहे.

वहिनीचा गुडघा कसा आहे? मुख्याध्यापक म्हणून तुझे आठच महिने उरले ना?

माझ्या जागी तू गणिताच्या पेपराला बसलास, ते माझ्या रडण्यामुळे. पण हल्ली देवापुढे डोळे मिटले की तीच वळणदार सही दिसते. पोरांना खरं बोला म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

आज आपणहून चौकशीच्या साहेबांकडे गेलो आणि सगळं लिहून दिलं. "मग पेपराला बसलं कोण?" साहेबांनी विचारलं.

दादा, मी तुझं नाव सांगितलं.

तुझा,
धाकटा