दीड सीसीचं इंजिन

सर, तुमचं इंजिन अजून माझ्याकडे आहे आणि ते उत्तम स्थितीत आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही माणसाची चौकशी नंतर करायचात, आधी इंजिनाची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते डब्यातून काढते, पंखा बोटाने दहा-बारा वेळा फिरवते, आत शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडते आणि जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात पुन्हा गुंडाळून ठेवते. कुठेही गंजाचा ठिपका नाही. पिस्टनचा दाब तसाच आहे, पंखा फिरवला की बोटाला मागे ढकलतो. परवाच्या रविवारी मला ते करंजाड्याच्या एका शाळेत घेऊन जायचं आहे. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी मुलींसाठी कार्यशाळा काढली आहे. त्यांनी फोनवर घाबरत घाबरत विचारलं की एवढं जुनं, तेही स्वस्तातलं इंजिन मुलींसमोर सुरू होईल का. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका, एका झटक्यात होईल.

नेरुळला तेव्हा रेल्वे नुकतीच आली होती आणि आमच्या शाळेमागे खाडीपर्यंत नुसता मुरुमाचा भराव होता. मालवाहू बोटींच्या इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस दर रविवारी उरणहून एसटीने येतो आणि अकरावीतल्या मुलींना छोटी मॉडेल विमानं उडवायला शिकवतो, हे आमच्या घरी कुणाच्या पचनी पडत नव्हतं. माझे वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. त्यांनी एवढंच विचारलं की यातून नोकरी लागते का. मी बेधडक हो म्हणून ठोकून दिलं. आज मी हॉस्पिटलातल्या यंत्रांची देखभाल बघते, त्यामुळे ती थाप खरी निघाली असं म्हणायला हरकत नाही. वर्गाकडे सहा इंजिनं होती, कलकत्त्याहून पार्सलने आलेली, प्रत्येक दीड सीसीचं, मुठीत मावेल एवढं. दोन बारीक तारांना बांधलेलं विमान स्वतःभोवती गोल फिरवायचं, आणि ते फिरवणारं हे इंजिन. संस्थेच्या अध्यक्षांना ती खेळणी वाटायची. परदेशी इंजिनं नसतील तर वर्गच कशाला हवा, असं त्यांनी एकदा आमच्यासमोर म्हटलं, तेव्हा तुम्ही हातातलं फडकं खाली न ठेवता उत्तर दिलंत. "इंजिन स्वस्त हाय, म्हनून त्याला इज्जत नाय काय?"

ती इज्जत कशी द्यायची, हे तुम्ही आमच्याकडून घोटून घेतलंत. विमान कधी जमिनीवर ठेवायचं नाही, गोणपाटावर ठेवायचं. उडवण्याआधी मैदानावर पाण्याचा सडा घालायचा, कारण मुरुमाची धूळ एकदा आत गेली की पिस्टन ओरबाडला जातो. सकाळी सात वाजता आम्ही मुली बादल्या घेऊन सडा घालतोय, हे बघून सोसायटीतल्या बायका आम्हाला रांगोळी कुठे काढणार म्हणून चिडवायच्या. चालत्या इंजिनाला पाना लावायचा नाही, टाकीत इंधन ठेवून घरी जायचं नाही. आणि ईथर, रॉकेल, एरंडेल सारख्या मापाने मिसळल्यावर डब्याचं झाकण घट्ट फिरवायचं, कारण ईथर उडून जातं आणि ईथर नसेल तर ठिणगीशिवाय चालणारं हे इंजिन पेट घेत नाही. सकाळी डबा उघडला की आधी वास घ्यायचा. वासाने टाळूला झिणझिण्या आल्या तर इंधन बरोबर.

एकदा एरंडेल आत सुकून एक इंजिन अगदी घट्ट बसलं, पंखा हलेना. तुम्ही मला आणि त्या इंजिनाला उरणला घरी घेऊन गेलात. स्वयंपाकघरात तुमच्या पत्नीने, म्हणजे आमच्या चाचींनी, एक जुनं पातेलं पुढे केलं. त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता, म्हणजे ते चुकूनही जेवणाच्या भांड्यांत जाऊ नये. तुम्ही पाणी उकळायला ठेवलंत, त्यात इंजिन सोडलंत आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलात. मी आत्ताही ते बघते आहे, पातेल्यावर वाकलेलं तुमचं टक्कल आणि पाण्यावर सुटत चाललेला तपकिरी तवंग. चाची मला म्हणाल्या, "या घरात आधी इंजिनाला चाय, मग मानसाला." मग त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. माझी भाकरी संपायच्या आत पंखा फिरायला लागला. आजही हॉस्पिटलात एखादं यंत्र अडलं आणि जो तो नवं मागवा म्हणून ओरडू लागला की मला ते पातेलं आठवतं आणि मी कुणालाच घाई करू देत नाही.

आता त्या रविवारचं. अध्यक्ष आणि संस्थेची चार माणसं वर्ग बघायला येणार होती. कार्यशाळेची शेड काढून तिथे कॉम्प्युटर बसवायचे त्यांच्या मनात होतं. दोन वर्षांत सहांपैकी एकाही इंजिनाचा एकही भाग मोडलेला नाही, हा तुमचा एकच मुद्दा होता आणि तो खरा होता. माझा हात बसलेला, म्हणून सुरू करायचं काम माझ्याकडे. आदल्या संध्याकाळी इंधनही मीच मिसळलं होतं. सकाळी डबा उचलला तर झाकण नुसतं टेकवलेलं. मी वास घेतला. रॉकेल होतं, एरंडेल होतं, झिणझिण्या नव्हत्या. तेव्हाच म्हणायला हवं होतं की सर, दहा मिनिटं द्या, ताजं बनवते. ईथरची बाटली कपाटात होती. पण पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, आणि माझ्याकडून असली चूक होते हे त्यांच्यासमोर, त्याहूनही तुमच्यासमोर, मला दाखवायचं नव्हतं. मी दाबाचा स्क्रू आवळला आणि पंख्याला झटके देत राहिले. आत न पेटलेलं इंधन साचत गेलं, पिस्टनला वर जायला जागाच उरली नाही. मी आणखी आवळला, आणखी जोर लावला. आतून कट् असा बारीक आवाज आला. पिस्टनला जोडलेली दांडी वाकली होती. अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले की बघा, स्वस्तातलं ते स्वस्तातलंच. तुम्ही पुढे झालात आणि इंजिनात काहीच खोट नाही, इंधन मी बनवलंय, माझ्याकडून बिघडलं, असं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलंत.

माणसं गेल्यावर तुम्ही तो डबा उघडून नाकाशी धरलात आणि मला एकच विचारलंत. "सकाळी वास घेतला व्हतास?"

"घेतला होता सर. बरोबर होता."

तुम्ही मान हलवलीत आणि झाकण घट्ट फिरवलंत. ओरडला असतात तर मी रडले असते आणि खरं सांगून टाकलं असतं, इतकं मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. मार्चमध्ये शेड गेली. एप्रिलमध्ये तुम्ही शेवटचे आलात, तेव्हा तेच इंजिन नवी दांडी बसवून माझ्या हातात ठेवलंत. सोबत इंधनासाठी काचेची बाटली, आणि तिचं बूच दोऱ्याने बाटलीच्या गळ्याशीच बांधलेलं, म्हणजे ते विसरायची सोयच नाही. दोरा लाल होता. तो बघून मला कळलं की तुम्हाला सगळं कळलेलं आहे. तुम्ही एवढंच म्हणालात, "चालवत ऱ्हा. नुसतं ठेवून दिलंस तर मेलं समज." मी मोठ्या आत्मविश्वासाने हो म्हटलं. तुम्ही वारल्याचं मला दोन महिने उलटून गेल्यावर कळलं. उरणला आले तर चाचींनी दार उघडलं आणि आधी इंजिनाचं विचारलं, तुमच्यासारखंच. मी त्यांनाही उत्तम आहे म्हणून सांगितलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आता खरं लिहिते. माझं काम मला येतं, सर, त्यात मी कुणाला हार जात नाही. महागडी यंत्रं विकायला येणारी माणसं मला बघून सावध होऊन खुर्ची मागे सरकवतात. स्वस्त यंत्र नीट सांभाळलं तर दगा देत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना ठणकावून सांगते आणि पुरावा म्हणून तुमच्या इंजिनाचं नाव घेते, अजून चालतं म्हणून. तेल घालते, पुसते, फिरवते. ईथर मिळत नाही असं मी लोकांना सांगत आले, पण मी नोकरी हॉस्पिटलात करते, मनात आणलं असतं तर कधीच मिळवलं असतं. तुम्ही हातात ठेवल्यापासून ते इंजिन मी एकदाही सुरू केलेलं नाही.

आज संध्याकाळी ईथर आणून इंधन मिसळलं. बूच लावलंय, मघापासून चार वेळा बघून आले. परवा सकाळी आधी वास घेईन, आणि झिणझिण्या आल्या नाहीत तर त्या मुलींसमोर तसं सांगेन.