तुझ्या हातची भाकर

शिरपूर,
गुरुवार

प्रिय कमली,

पत्र पाहून दचकशील. दचक थोडी, बारा वर्षं तू मला कमी छळलेलं नाहीस. मी रुखी, ट्रेनिंगच्या बोर्डिंगात तुझ्या शेजारच्या चुलीशी धुरानं डोळे चोळत बसणारी. आता इथं मुलींच्या शाळेवर बाई आहे. पोरी मला भितात म्हणे. तू ऐकलंस तर पोट धरून हसशील. तुझा ठावठिकाणा कसा लागला, ते पुढं सांगते.

पहिला तास मी हातांचा घेते. ओळीनं उभं करून नखं पाहते, मग राख लावून हात धुवायला लावते. परवा एका पोरीची आजी, तुळसाबाई, भांडायलाच आली. "बाई, तुमी शिकवून राह्यल्या का पोरींचे हात झिजवून राह्यल्या?" मला हसू आवरेना, आणि हसता हसता तुझी आठवण आली. अशीच वेळीअवेळी येतेस. अंबाडीची भाजी शिजली की येतेस, तव्यावर भाकर टम्म फुगली की येतेस. इथं माणसं पुष्कळ आहेत गं, पण जिच्याशी कडाकडा भांडून पुन्हा एका ताटात जेवावं, असं कुणी नाही.

बोर्डिंगातलं सोवळं आठवतं ना? जातीजातीची चूल वेगळी, माठ वेगळा, तवा वेगळा. कुणाचा पदर दुसरीच्या माठाला लागला तरी अख्खं पाणी ओतून द्यायचं. त्यातूनही मी लपूनछपून तुझी भाकर खायची आणि तू माझी भाजी पळवायचीस. मग त्या भादव्यात मला ढाळ-उलट्या लागल्या आणि माझ्यामागून आणखी चारपाच पोरींनी अंथरूण धरलं. स्वयंपाकघरावर देखरेख करणाऱ्या कस्तुराबाईंनी साऱ्यांदेखत तुझ्यावर बोट ठेवलं, "तांड्यातल्या पोरीच्या हातचं खाल्लं, म्हनूनच हे झालं." मी तापात पडलेली. शुद्धीवर आले तेव्हा तुझे हेमसिंगकाका तुला तांड्यावर घेऊन गेले होते आणि तुझ्या चुलीची राखसुद्धा कुणी झाडून टाकली होती. त्या रिकाम्या जागेकडे पाहून मी खूप रडले.

पुढचं तुला ठाऊक नाही. तू गेल्यावरही पोरी आजारी पडतच राहिल्या. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. कस्तुराबाईंनी मोठ्या ऐटीत वेगवेगळ्या चुली आणि माठ दाखवले. बाईंनी एवढंच विचारलं, ही सारी भांडी पुसता कशानं? मोरीजवळच्या खुंटीवर एक ओलं, आंबूस वास मारणारं फडकं लटकत होतं. त्यानंच साऱ्यांची ताटं पुसली जायची आणि त्यानंच मोरीचा काठ. पाणी बाटू नये म्हणून एवढे पहारे, आणि फडकं मात्र साऱ्यांचं एक! ते चुलीत गेलं, भांडी उकळत्या पाण्यानं धुतली जाऊ लागली, आणि दुखणं थांबलं. हे तुला सांगायला मी माझ्या इंद्रभानदादाला तांड्यावर धाडलं होतं. पण तांडा उठून गेला होता. कुठं, ते कुणी सांगेना.

आणि या सोमवारी सेवालाल नावाचा माणूस आपल्या लेकीला, रुपीला, शाळेत घालून गेला. आठवडाभर ती माझ्याच घरी राहायची आहे. त्याच दुपारी पोरी शिदोऱ्या सोडून बसल्या. रुपीनं कुणी न सांगता राखेनं हात धुतले, अगदी बोटांच्या बेचक्यांतून, आणि भाकर घेऊन एकटीच लांब जाऊन बसली. मी म्हटलं, ये, वाटून खा. तर म्हणते कशी, "नाही बाई. आमची याडी कोनालेच देऊ देत नाही. आमच्या हातचं खाल्लं का लोकं बिमार पडतात." आईचं नाव विचारलं, तर कमली. ती आली नव्हती का, विचारलं, तर म्हणाली, आली होती, वेशीबाहेर गाडीतच बसून राहिली.

कमले, बारा वर्षं तू हे उराशी घेऊन जगलीस? आणि लेकीलाही तेच शिकवलंस? म्हणून हे पत्र. तुझ्या हातांचा काही दोष नव्हता गं, कधीच नव्हता. शनिवारी रुपीला न्यायला सेवालालला धाडू नकोस, तू ये. वेशीबाहेर थांबायचं नाही, सरळ शाळेत यायचं. येताना भाकरी जास्तीच्या आण. साऱ्या पोरींदेखत पहिला घास मी खाणार आहे. मग बाकीची भाकर रुपी तिच्या हातानं सगळ्यांना वाटेल.

शनिवारची वाट पाहणारी,
तुझीच
रुखी