निळं ताट आणि सरदार मालोजी

२ जानेवारी १९५७, बुधवार
नवीन वर्षाचा निश्चय: हिंदुरावचा विचार करायचा नाही.

हेडक्लार्क झाला म्हणून काय झालं? मी मनाला लावून घेत नाही. एकाच गावचे, निघोज्याचे आम्ही. पिंप्रीच्या या कंपनीत एकाच दिवशी लागलो. आता त्याची खुर्ची पंख्याखाली आणि माझी दाराशी. दाराशी हवा जास्त चांगली येते.

३ जानेवारी
कॉलनीत सव्वीस जानेवारीला ऐतिहासिक वस्तूंचं प्रदर्शन. मॅनेजर नानासाहेब उद्घाटन करणार. ज्याची वस्तू सगळ्यांत भारी ठरेल तो फोटोत नानासाहेबांशेजारच्या खुर्चीवर. फोटो ऑफिसात लागणार, कायमचा.

कमिटीतले सगळे आत्तापासूनच हिंदुरावच्या तलवारीबद्दल बोलतायत. ती मी पाहिली आहे. गंजकी. दसऱ्याला लिंबू कापताना दोनदा घसरली.

रात्री झोप नाही. कारण जेवण जड झालं.

५ जानेवारी, पहाटे
सापडलं! ट्रंकेच्या तळाशी, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, जुन्या धोतरात गुंडाळलेलं निळं-पांढरं चिनी मातीचं मोठं ताट. वर पूल, झाड, दोन पक्षी. आबा हयात असेपर्यंत त्याला हात लावू देत नसत. विचारलं की विषय बदलत. उगाच का एवढं जपतील? नक्कीच घराण्यात काहीतरी मोठं घडलेलं असणार. त्याचा छडा लावायचाच.

कौशल्या म्हणते, भजी ठेवायला बरं आहे. बायकांना इतिहासाची दृष्टी नसते.

६ जानेवारी, रविवार
पुण्याला जुन्या बाजारात ताट दाखवलं. दुकानदार म्हणाला, असली ताटं खडकीच्या गोऱ्यांच्या मेसमध्ये ढिगानं असायची. ताटामागची पुसट इंग्लिश अक्षरं बोटानं दाखवली. अर्धवट माणूस. समजा पेशव्यांना नजराणा द्यायचा असेल, तर इंग्रज काय मराठीत छापणार? तोंडावर बोललो नाही. त्याला चहा पाजला, त्याचा आता पश्चात्ताप होतोय.

९ जानेवारी
विचार करता करता उलगडा झाला. इंग्रजांच्या वकिलानं हे ताट पेशव्यांना दिलं. पेशव्यांनी खूश होऊन आमच्या एका पूर्वजाला. पूर्वजाचं नाव तेवढं मिळायचं आहे.

१२ जानेवारी
मिळालं. सरदार मालोजी. माझे खापरपणजोबा. घराण्यात मालोजी नाव असल्याचं मला पुसटसं आठवतं. नसेल तर असायला हरकत नव्हती.

१४ जानेवारी, संक्रांत
हिंदुराव तिळगूळ घेऊन आला. म्हणे, रंगराव, गोड बोला. बोललो. त्याच्या घरचे लाडू आमच्यापेक्षा मऊ आहेत. कौशल्याला हे सांगण्यात चूक झाली. संध्याकाळचा चहा मिळाला नाही.

२० जानेवारी, रविवार
निघोज्याला जाऊन आलो. गवराआत्याला साक्षीला बोलवायचं होतं. आमच्या घरातलं जुनं माणूस आता ती एकटीच. जायला सायकल हिंदुरावचीच घ्यावी लागली. मागितल्याबरोबर दिली, वर हवा भरून. दिवा, घंटी, कॅरिअर, सगळं दाखवलं. या माणसाला दाखवायची भारी हौस.

आत्याला विचारलं, निळं ताट आठवतं का? म्हणाली, व्हय तर, आठवायला काय झालं, त्ये ताट तर... मी तिथंच थांबवलं. म्हटलं, आत्या, आत्ता नको, सगळं मोठ्या साहेबांपुढं सांग, ताजं-ताजं राहील. ती म्हणाली, आरं पर ऐक तरी! मी ऐकलं नाही. सभा कशी जिंकायची हे मला कळतं.

२४ जानेवारी
ऑफिसात सगळ्यांना मालोजींचा इतिहास ऐकवला. आज त्यात पांढरी घोडी आणि मांडीवरची जखम आली. बबनराव टायपिस्टच्या डोळ्यांत पाणी. हिंदुराव मनापासून ऐकत होता. म्हणाला, रंगराव, तुमच्या ताटापुढं आमची तलवार काहीच नाही हो, त्या खुर्चीवर तुम्हीच शोभाल. जळतोय. चेहऱ्यावर दाखवत नाही एवढंच. मत्सर वाईट. मला त्याची कीव आली.

२५ जानेवारी
कोट इस्त्रीला दिला. फोटोत डावी बाजू चांगली येते. खुर्ची उजवीकडे घ्यायला सांगावी.

२६ जानेवारी, शनिवार. रात्री
लिहायची इच्छा नाही.

२७ जानेवारी
लिहितो. नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

नानासाहेब ताटापुढं थांबले. तलवारीवरून नुसती नजर फिरवली होती, माझ्या ताटापुढं चष्मा काढून वाकले. मी मालोजी सांगितले, घोडीसकट. टाळ्या पडल्या. मग आत्याला पुढं केलं. तिनं ताट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि मोठ्यानं म्हणाली, आरं, ह्ये तर हिंदुरावच्या बारशाच्या घुगऱ्यांचं ताट!

मी म्हटलं, आत्या, नीट आठव. तिनं नीट आठवलं. हिंदुरावचा आजा खडकीला गोऱ्या साहेबाकडं बटलर होता. साहेब विलायतेला जाताना ताट देऊन गेला. हिंदुरावच्या बारशाला त्यातून आमच्या घरी घुगऱ्या आल्या. आत्या म्हणाली, रंगा, तू तवा पोटात व्हतास. तुजी आई म्हनली, लोकाचं ताट रिकामं कसं धाडायचं? माज्या लेकराचं बारसं व्हऊ द्या, घुगऱ्या भरूनच परत दीन. आन तुज्या बारशाच्या आदीच दोन्ही घरांचा बांधावरनं तंटा झाला. मग कुनी जायाचं आन कुनी द्यायाचं? ऱ्हायलं आपल्याकडं.

सगळा मांडव हसला. बबनरावसुद्धा. आबा विषय का बदलत ते आत्ता कळलं.

हिंदुराव हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला मिठी मारली. नानासाहेबांना हे फार आवडलं. त्यांनी त्याला शेजारी बसवलं, ताट मांडीवर घेऊन. मी मागच्या रांगेत उभा. पुढं बबनरावचा फेटा होता.

२८ जानेवारी
कौशल्या म्हणाली, आता ताट परत द्यायलाच हवं, आणि रिकामं नाही. सासूबाईंचा शब्द आहे. तिनं घुगऱ्या शिजवल्या. माझं बारसं होऊन इतकी वर्षं झाली, आणि त्याच्या घुगऱ्या मीच घेऊन कॉलनीतून चाललो. वाटेत भेटेल तो विचारत होता. घरी मुद्दाम सांगितलं की जड होतं म्हणून उशीर झाला.

हिंदुरावच्या बायकोनं घुगऱ्या काढून घेतल्या आणि वाटीभर साखर हातावर ठेवली. वाटी परत करायची आहे.

निश्चय: हिंदुरावच्या घराकडं फिरकायचं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार
हिंदुरावकडं चहाला. नानासाहेब मुंबईचे पाहुणे घेऊन ताट पाहायला येणार होते, मग जावंच लागलं. ताट रेडिओच्या वर, भिंतीवर, चौकटीत. चौकटीला हार.

पाहुण्यांनी विचारलं, याचा इतिहास काय? मला वाटलं, आता बटलर निघणार. मी बशीत तोंड घातलं. हिंदुरावनं घसा खाकरला आणि पेशव्यांपासून सुरू केलं. वकील, नजराणा, पांढरी घोडी, मांडीवरची जखम. माझाच एकेक शब्द! फक्त खापरपणजोबा त्याचे. नानासाहेबही मान डोलवत होते. मांडवात बटलर ऐकला होता त्यांनी, पण मुंबईच्या पाहुण्यांपुढं त्यांनाही सरदारच बरा वाटला असणार.

ओरडून सांगावंसं वाटलं, तो माझा सरदार आहे, मी शोधला. पण सांगणार काय? कुठं शोधला?

आणि गाढवानं नाव चुकवलं. संभाजी म्हणाला. पाहुणे वहीत लिहून घेत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, संभाजी नव्हे, मालोजी. तुमचे खापरपणजोबा सरदार मालोजी.

हिंदुरावनं सगळ्यांदेखत माझे आभार मानले.