अकरा तारखेची पहाट

६ मार्च १९७६, शनिवार
धूमकेतू आज नीट दिसला. शाळेच्या गच्चीवर तिघं : मी, मागावर काम करणारा नरसय्या, नि भूगोलाचे दाते सर. पूर्वेला खाली डोकं, शेपूट खराट्यासारखं वर. दुर्बिणीत सगळं उलटं, शेपूट खाली. सर म्हणतात, उलटं दिसतं तर कागदावर उलटंच काढ. दिसतं ते काढायचं, वाटतं ते नाही. कागदावर तारीख-वेळ सरच टाकतात.
म्हणाले, हात आहे तुला बसवा. टिकलास तर तुझा कागद नावासकट पुण्याला, सगळीकडचे कागद जमतात तिथं पाठवू, आकाश बघणाऱ्या आमच्या मंडळाचा सभासद करून घेऊ.
मॅट्रिकला बसलो नाही. मागावर दोन महिने, हॉटेलात एक. नाव कुठं लागलंच नाही. एवढं तरी पुरं करायचं.
तिथनं अक्कलकोट रोडला कामाचं विचारायला निघालो. वाटेत विहिरीतनं म्हैस काढत होते. दुपार तिथंच.

१० मार्च, बुधवार
अजून उजाडलं नाही. आभाळ गच्च. धू. नाहीच. तिघंही तासभर बसून. सरांच्या अंगात तापाची कसर, उद्या येणार नाहीत. न.ला मागावर पहाटेची पाळी. गच्चीची किल्ली माझ्याकडं.

११ मार्च, गुरुवार
एकटाच. आभाळ धुतल्यासारखं. पाच वाजून दहा मिनिटं.
डोकं गोल नाही. लांबट. नीट बघितलं तर दोन ठिपके, एकाला एक लागून. डोळे चोळले, काच पुसली. दोनच. दोन काढले. एक रेघ चुकून गेली ती खोडली नाही. तारीख, वेळ, नाव टाकलं. सूर्य यायचाय, तोवर हे लिहून घेतोय. कुणाला सांगू असं झालंय, नि गच्चीवर कुत्रंपण नाही.

१४ मार्च, रविवार
मंडळाच्या बैठकीत सरांनी माझा कागद सगळ्यांसमोर धरला. "अकरा तारखेला पहाटे आभाळ भरलेलं होतं. तूही होतास तिथं. मग ही दोन डोकी कुठून आणलीस?"
मी म्हणालो, ढगाची पहाट दहाची होती. सगळे हसले. मग उमगलं. आमच्या गावाकडं, मैंदर्गीला, सूर्य उगवल्याबिगर वार बदलत नाही. मी मंगळवारी पहाटे झालो, तरी आई, आमची अव्वा, सोमवारचाच म्हणते. म्हणून तर महादेवाच्या नंदीचं नाव, बसवा. मी कागदावरही तसंच टाकलं. बाराची पहाट, लिहिली अकरा.
सांगितलं. एक वकील म्हणाले, याचं आकाश पंचांगावर चालतंय. न.पण हसला. ते लई लागलं.
सर म्हणाले, दिसतं ते काढायचं होतं रे. कागद परत. किल्ली काढून घेतली.

१५ मार्च, सोमवार
कुठं गेलो नाही. या वहीतल्या तारखाही तशाच. खोडणार नाही.

१९ मार्च, शुक्रवार
न. पेपर घेऊन टपरीवर आला. धू.चं डोकं फुटलं म्हणे, तुकडे झाले, मोठ्या दुर्बिणीतनं बघितले. "चल की सराकडं." म्हणालो, तू हसलास. "सगळे हसले म्हणून हसलो रे." चहा त्यानं पाजला. पिलो. गोड लागला नाही.

२० मार्च, शनिवार
न.नं मंडळातला नोंदीचा कोरा छापील तक्ता आणला. खाली बारीक इंग्रजी. पोस्टातल्या बाबूनं वाचलं : तारीख-वेळ ग्रिनीचची टाकावी. म्हणजे आपल्या घड्याळातनं साडेपाच तास वजा. बाराच्या पहाटेच्या पाच दहातनं साडेपाच तास गेले की आदल्या रात्रीचे अकरा चाळीस. तारीख अकरा.
म्हणजे वेळ माझीही चुकली, पण तारीख माझ्या एकट्याची बरोबर. सरांच्या सगळ्या कागदांवर एक दिवस जास्त. आणि ते पुण्याला गेलेसुद्धा. टपरीपाशी उभा राहून हसलो.

२१ मार्च, रविवार
सरांकडं गेलो. तक्ता त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली.
"तुला हे ठाऊक होतं?"
"न्हाई सर. ते आमच्या अव्वाचं…"
"मग बरोबर कसं म्हणायचं? लागलं, एवढंच."

मग म्हणाले, दोन डोकी मात्र खरी. कागद दे, मी स्वच्छ उतरवून घेतो. मंडळाच्या नावानं पाठवू.
"माझं नाव?"
"तू सभासद कुठं आहेस?"
म्हणालो, कागद घरी राहिला. सदऱ्याच्या खिशातच होता.

२२ मार्च, सोमवार
अव्वाच्या हिशोबानं माझा वार. पाकीट आणलंय, पुण्याचा पत्ता तक्त्यावर छापलेला आहे. अकरा तशीच ठेवलीय. वेळेपाशी अडलोय. पाच दहा खोडून अकरा चाळीस केली, तर म्हणतील, मागनं बनवला. नाही केली, तर ग्रिनीचच्या पाच दहाला इथं दिवस चढलेला, तिथलेही हसतील.
न. म्हणतो, टाक की, तिकिटं मी लावतो.
पाकीट उघडंच आहे.