चंद्रव्वाने विचारलेला प्रश्न

सोलापूर, १२ जानेवारी १९७४

सौ. हेमावती हिला तुझ्या माणसाचे सोलापुराहून आशीर्वाद.

विडी सोडून अकरा दिवस झाले. प्रकृती ठीक आहे, भूक वाढली आहे. फक्त चिडचीड होते आणि बोलताना शब्द निसटतात. मंगळवारी भाषण अर्धे टाकून खाली उतरलो. काळजी नको, लोकांना वाटले घसा बसला.

काल विडी वळणाऱ्या बायकांची सभा होती. वक्त्याला त्या हाराऐवजी स्वतः वळलेल्या विड्यांचे बंडल देतात. मी ते सवयीने घेतले आणि लगेच परत केले. त्यांच्या मजुरीसाठी भांडणारा माणूसच त्यांच्या हातचे नाकारत होता!

चंद्रव्वा उठली. "आमच्या हातची इडी कडू लागाय लागली व्हय, अण्णा?"

"माझ्या धुरानं लेक खोकते," मी म्हणालो. "सोडलीय."

"मग आदी सांगायचं की! मी दिसभर वळते, पर आमच्या मालकाला घरात वडू देत न्हाय."

सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही. ज्या धुराला त्या घरात येऊ देत नाहीत, त्यावरच त्यांची चूल पेटते. इतकी पुस्तके वाचून मला हे कधी सुचले नव्हते. मग बोललो, अडखळत, पण शेवटपर्यंत.

लेकीच्या छातीत अजून घरघरते का? खरे कळव. आईचे गुडघे कसे आहेत? मी विडी सोडल्याचे तिला इतक्यात सांगू नकोस, महिना होऊ दे.

पुढच्या शनिवारच्या गाडीने केमला येतो. लेकीला माझ्याकडे देण्याआधी सदरा हुंगून बघ. वास आला तर देऊ नकोस.

तुझा,
भीमाशंकर